छापील पोवाडा : एका उपेक्षित साहित्यप्रकाराविषयी

एच. ए. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 साली ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठी पोवाड्याच्या अभ्यासाला एक निश्चित दिशा मिळाली. ॲक्वर्थ हे त्या वेळी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. गोंधळी व शाहीर यांच्या मुखातून पोवाडे उतरवून घेण्याचे कष्टाचे काम मुख्यत्वे शाळिग्रामांचे. हे ऋण मोठे आहे. परंतु ह्या संग्रहाने आणि पुढे य. न. केळकरांच्या ‘ऐतिहासिक पोवाडे’ ह्या खंडांनी पोवाड्याची जी प्रतिमा रूढ केली, ती जुन्या, मौखिक आणि इतिहासाचे साधन म्हणून मौल्यवान अशा रचनेची होती. छापण्यासाठीच लिहिला गेलेला, किंमत देऊन विकत घेतलेला पोवाडा ह्या प्रतिमेत बसत नाही. म्हणून तो अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला, असे आमचे मत आहे.

वस्तुतः ॲक्वर्थ-शाळिग्रामांच्या संग्रहापूर्वी बावीस वर्षे, 1869 मध्ये, जोतीराव फुले यांचा ‘छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पवाडा’ छापून प्रसिद्ध झाला होता. आपली रचना कुणबी, माळी, महार, मांग इत्यादींच्या उपयोगी पडावी, असा हेतू फुल्यांनी प्रस्तावनेत सांगितला आहे. शाहिराला आश्रय देणारा सरदार येथे नाही. त्याच्या जागी वाचक आहे, आणि तोही बहुधा दुसऱ्याच्या तोंडून ऐकणारा. फुल्यांचा पवाडा आपण आज विचारांसाठी वाचतो, क्वचित इतिहासदृष्टीसाठी वाचतो. मुद्रणाने पोवाड्याच्या रूपात काय बदल घडवला, ह्याचा पुरावा म्हणून तो फारसा वाचला जात नाही.

हा प्रश्न इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांपुढे निराळ्या रूपाने उभा राहिलेला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये एका बाजूस छापलेल्या सुट्या कागदावरील बॅलड, म्हणजे ‘ब्रॉडसाइड’, पेनी-अर्ध्या पेनीला विकले जात. वर लाकडी ठशाचे चित्र, खाली जाड वळणाच्या अक्षरांत पद्य, आणि शीर्षकाजवळ ‘अमुक चालीवर म्हणावे’ अशी सूचना. गाणाराच विकणारा असे. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधील ऑटोलिकस हा असाच एक लबाड विक्रेता. प्रेम, खून, फाशी, चमत्कार, युद्ध, धर्मोपदेश, असा कोणताही विषय ह्या कागदाला वर्ज्य नव्हता. तरीही फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी 1882 ते 1898 ह्या काळात 305 बॅलडांचा आपला थोर संग्रह सिद्ध केला, तेव्हा ह्या छापील मालाकडे त्यांनी तुच्छतेनेच पाहिले. काही पाठ तेथूनच घ्यावे लागले, हा भाग वेगळा. ॲक्वर्थ-शाळिग्रामांचा संग्रह नेमका ह्याच वर्षांतला आहे. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव होता, असे सुचवावयाचे नाही. ‘लोकांच्या मुखातले ते अस्सल, बाजारातले ते हिणकस’ ही धारणा त्या पिढीत दोन्हीकडे सारख्याच सहजतेने वावरत होती, एवढेच म्हणावयाचे आहे.

मराठीत ब्रॉडसाइडचे तंतोतंत प्रतिरूप शोधू नये. आपल्याकडे एकपानी कागदापेक्षा काही पानांची पातळ पुस्तिका हेच पोवाड्याचे नेहमीचे छापील रूप. साम्य आहे ते चालीच्या उल्लेखात. मराठी पदांच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गीताचा आरंभ दिलेला असतो, स्वरलिपी नसते. चाल ठाऊक नसलेल्या ग्राहकाला ती पुस्तिका अर्धीच मिळाली, असे म्हणावे लागेल. पोवाड्याच्या बाबतीत हे अधिकच खरे. डफ, तुणतुणे, झीलकऱ्यांचा ‘जी जी’चा ठेका आणि मधले गद्य निवेदन ह्यांपैकी कागदावर फार थोडे उतरते. तेव्हा मुद्रणाने मौखिक परंपरा संपवली, हे सरसकट विधान येथे टिकत नाही. छापील पोवाडा गाणाऱ्याची वाट पाहत असतो.

नाममुद्रेचा प्रश्न मात्र सूक्ष्म आहे. शाहीर अखेरच्या चौकात आपले, गुरूचे वा गावाचे नाव गुंफतो. मौखिक व्यवहारात मालकी सांगण्याचे तेच एक साधन. नाव गळले की रचना दुसऱ्याची झाली. छापील पुस्तिकेत नाव मुखपृष्ठावर येते, त्याच्या शेजारी छापखाना येतो, किंमत येते. तरीही शाहीर शेवटच्या कडव्यातली मुद्रा सोडत नाही, कारण पुस्तिका हातातून जाते आणि गाणे उरते, हे त्याला ठाऊक आहे. मार्टिन पार्कर हा सतराव्या शतकातला इंग्रज बॅलडकार कागदाच्या तळाशी आपली आद्याक्षरे छापवी. पण ती पद्याच्या बाहेर राहत, गाणाऱ्याच्या तोंडी येत नसत. हा फरक लहान वाटला तरी दोन परंपरांतील कवीचे स्थान त्यातून उकलते.

पोवाडा हे वृत्त सांगण्याचेही साधन होते. खर्ड्याची लढाई (1795) शाहिरांनी ताजी असतानाच गायिली. सांगोल्याला 1750 मध्ये झालेला करार मराठी राज्याच्या इतिहासात कमी महत्त्वाचा नव्हे, कारण छत्रपतींची सत्ता पेशव्यांकडे जाण्यातला तो निर्णायक टप्पा. पण कलमांचा पोवाडा सहसा होत नाही, त्याला रणांगण वा मृत्यू लागतो. अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला, तो ही जुनी वृत्तवाहकाची भूमिका ओळखूनच. व्होल्गाकाठची लढाई मुंबईच्या कामगारवस्तीत पोचली ती डफावर. 1944 मध्ये त्यांनी ज्या सहकाऱ्यांसह लाल बावटा कलापथक उभे केले, त्यांतले अमर शेख हे आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे.

सत्तेलाही छापील पद्याचे बळ कळत होते. ‘लघु अभिनव भारतमाला’ ही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना 1909 साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गाणाऱ्याचा शब्द हवेत विरतो. छापलेला कागद न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येतो.

ह्याच पाळतीतून अभ्यासकाचे साधन निर्माण झाले आहे. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला 1557 साली सनद मिळाली. तिच्या नोंदवह्यांतील बॅलडांच्या तीन हजारांहून अधिक नोंदींची सूची हायडर रॉलिन्स यांनी 1924 मध्ये सिद्ध केली. त्यांतील कित्येक कागद आज नष्ट झाले आहेत. नोंद तेवढी उरली. सॅम्युएल पेपिस ह्या रोजनिशीकाराने हौसेने जमवले नसते, तर केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आज असलेले अठराशेहून अधिक बॅलडही त्याच वाटेने गेले असते. आपल्याकडे 1867 च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यान्वये मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या सरकारी राजपत्राबरोबर निघत. त्यांत नाव, लेखक, छापखाना, पृष्ठे, आवृत्ती, प्रतींची संख्या आणि किंमत असे रकाने आहेत. ब्लुमहार्ट यांची ब्रिटिश म्युझियममधील मराठी-गुजराती ग्रंथांची सूची (1892) आणि शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ह्या दोन्ही ह्या याद्यांशी ताडून पाहावयास हव्यात. पोवाड्याची पुस्तिका किती प्रतींत निघाली, किती पैशांना विकली गेली, मुंबई-पुण्याबाहेर कोठे छापली गेली, हे प्रश्न विचारले की ‘ऐतिहासिक’ ह्या विशेषणाने झाकलेले बरेच काही उघडे पडेल. विशेषतः सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांची पदे. ती पोवाड्याच्या इतिहासात घ्यावयाची की चळवळीच्या, हा वाद आमच्या मते निष्फळ आहे. गाणाऱ्याने तो कधी केला नाही.

यादी प्रत देत नाही, पत्ता देते. प्रत्यक्ष पुस्तिका शोधावी लागेल ती गावोगावी. सांगोल्याहून पंढरपूर जवळ. वारीच्या वाटेवर हरिपाठ, आरतीसंग्रह यांच्या पातळ पुस्तकांची विक्री पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, आणि माणदेशातल्या घरांतून अशा पुस्तकांचे गठ्ठे देवघराच्या फळीवर, अभंगांच्या वहीबरोबर बांधलेले असण्याचा संभव आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तेथे जाताना दोन गोष्टी टिपाव्यात : मुखपृष्ठावरील छापखान्याचे नाव आणि समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा. कोणता चौक गावयाचा, कोणता गाळावयाचा, हे अनेकदा तेथेच लिहिलेले सापडेल.