प्रश्न विचारणारा पाहुणा

जून १९४२. मृग नक्षत्र लागावयास अद्याप तीन-चार दिवसांचा अवकाश होता आणि वर्ध्याच्या परिसरातील भुई उन्हाने भाजून निघाली होती. अशा दिवसांत, ४ जून रोजी, एक अमेरिकन गृहस्थ वर्ध्याहून टांग्याने सेवाग्रामास आला. तो हिंदुस्थान पाहण्यास निघालेला हौशी प्रवासी नव्हता. गांधीजींना प्रश्न विचारावयाचे, त्यांची उत्तरे टिपून घ्यावयाची आणि ती आपल्या देशबांधवांपर्यंत पोचवावयाची, एवढ्यासाठी तो इतक्या दूर आला होता. त्याचे नाव लुई फिशर.

फिशर यांचा जन्म १८९६ साली फिलाडेल्फिया येथे झाला. पत्रकार म्हणून त्यांनी रशियात सुमारे चौदा वर्षे काढली होती. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा ते तेथेही गेले होते. मोठमोठ्या राजकारणी पुरुषांशी बोलण्याचा त्यांना सराव होता. साहजिकच कोणाच्या कीर्तीने दिपून जाऊन प्रश्न गिळून टाकावा, असा त्यांचा स्वभाव राहिला नव्हता.

तो काळच मोठा चमत्कारिक होता. महायुद्धाचा वणवा हिंदुस्थानच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला होता. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले, आणि एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकीनाडा येथे जपानी विमानांनी बाँब टाकले. स्वराज्याचा काही तोडगा निघावा म्हणून लंडनहून आलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स रिकाम्या हातांनी परत गेले होते. त्यानंतर लवकरच, इंग्रजांनी हा देश सोडून जावे, अशी मागणी गांधीजी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून करू लागले. अमेरिकेतील लोकांना तिचा अर्थ नीटसा उमगेना. ज्या वेळी शत्रू दाराशी उभा आहे त्याच वेळी पहारेकऱ्याला घालवून देण्याची ही कसली तऱ्हा, असे त्यांस वाटे. फिशर यांच्या मनातही हीच शंका होती आणि ती त्यांनी लपवून ठेवली नाही.

गांधीजींनी या पाहुण्यास एक आठवडा आश्रमात ठेवून घेतले आणि रोज एक तास त्याच्या प्रश्नांसाठी राखून ठेवला. शिवाय जेवणाच्या पंक्तीत व फिरावयास जाताना बोलणे होई ते निराळेच. गांधीजी त्या वेळी बहात्तर वर्षांचे होते. त्यांची कुटी मातीची होती. भिंतीवर येशू ख्रिस्ताचे एक चित्र होते. दुसरी कसली सजावट नव्हती.

उन्हाळ्याने मात्र फिशर पुरते हैराण झाले. टिपणे तर ताजी असतानाच टंकलिखित करावयास हवीत. उशीर झाला की बोलणाऱ्याचे शब्द विरतात आणि ऐकणाऱ्याचे शब्द त्यांची जागा घेतात. मग फिशर यांनी एक युक्ती काढली. पत्र्याच्या टबात पाणी भरून त्यात त्यांनी एक लाकडी खोके ठेवले, त्यावर टॉवेलाची घडी घातली आणि टबाबाहेर दुसऱ्या खोक्यावर आपले टंकलेखन यंत्र मांडले. स्वतः टबातील खोक्यावर बसून ते टंकलेखन करीत आणि घाम आला की भांड्याने अंगावर पाणी ओतून घेत. या थाटाने त्यांना एक तासभर न थकता काम करता येई. आश्रमवासीयांची यामुळे बरीच करमणूक झाली. परंतु एका ऐतिहासिक संभाषणाची नोंद या टबात बसून झाली, हेही तितकेच खरे.

आता त्या प्रश्नांकडे वळू. पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न सैन्याचा होता. इंग्रजांनी जावे म्हणजे त्यांच्या फौजांनीही जावे की काय? त्या गेल्या तर जपानी सैन्य आत शिरेल. चीनला मदत पोचविण्याची वाट बंद होईल. मग ज्या राष्ट्रांविषयी गांधीजींना सहानुभूती आहे त्यांचाच घात होणार नाही काय? फिशर यांनी हा मुद्दा नेटाने मांडला. गांधीजींच्या जागी दुसरा एखादा पुढारी असता तर त्याने पाहुण्याला वाटेला लावले असते, किंवा आपल्या जुन्या लेखांतील वाक्ये पुन्हा ऐकविली असती. गांधीजींनी तसे केले नाही. स्वतंत्र हिंदुस्थानाशी करार करून इंग्रज व अमेरिकन फौजांनी येथे राहावे आणि या भूमीवरून जपानशी लढावे, यास आपली हरकत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. जावयाची होती ती इंग्रजांची सत्ता.

ही गोष्ट केवळ चार भिंतींच्या आत राहिली नाही. त्याच महिन्यात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ती जाहीरपणे लिहिली. आपल्या पहिल्या लिखाणात एक उणीव राहून गेली होती, भेटीस आलेल्या एका प्रश्नकर्त्यामुळे ती ध्यानात आली आणि लागलीच आपण ती भरून काढली, असेही त्यांनी कबूल केले. साऱ्या देशाचा नेता एका प्रश्न विचारणाऱ्याचे हे ऋण उघडपणे मान्य करतो, ही घटना राजकारणात विरळाच म्हणावी लागेल.

दुसरा विषय खेड्यांतील जमिनीचा. स्वराज्य आल्यावर शेतकऱ्यांची स्थिती सुधारण्यासाठी काय करणार, असे फिशर यांनी विचारले. शेतकरी जमीन ताब्यात घेतील, असे उत्तर मिळाले. यावर दुसरा कोणी संतुष्ट होऊन पुढच्या प्रश्नाकडे गेला असता. फिशर यांनी विचारले, मग जमीनदारांना मोबदला मिळणार काय? गांधीजी म्हणाले की तेवढा पैसा आणणार कोठून. ते शक्य होणार नाही. यात मारामारी होणार नाही काय, असा आणखी एक प्रश्न आला. काही दिवस गोंधळ होईल, पण तो आवरता येईल, असे गांधीजींनी सांगितले. अहिंसेच्या उपासकाच्या तोंडचे हे बोल ऐकून फिशर यांना नवल वाटले असल्यास त्यात नवल नाही. उत्तरामागून येणाऱ्या प्रश्नातच प्रश्नकर्त्याची खरी परीक्षा असते. पहिला प्रश्न कोणासही घरून लिहून आणता येतो.

मग पैशाची गोष्ट निघाली. काँग्रेसचा खर्च कोण चालवितो? हा प्रश्न पाहुण्याने यजमानास विचारावयाचा म्हणजे थोडे धारिष्ट्यच. गांधीजींनी आढेवेढे न घेता सांगितले की बहुतेक पैसा धनिकांकडूनच येतो. त्यामुळे काँग्रेसच्या धोरणावर धनिकांचे वजन पडत नाही काय? त्यातून एक प्रकारचे मूक ऋण उत्पन्न होते, हे त्यांनी नाकारले नाही. मात्र प्रत्यक्षात धनिकांच्या विचारांचा काँग्रेसवर फारसा परिणाम होत नाही, असे ते म्हणाले. हे उत्तर सर्वांचे समाधान करील असे नाही. तरीही ते जसेच्या तसे छापले गेले.

एका बाबतीत तर दोघांचे मुळीच जुळले नाही. सुभाषचंद्र बोस त्या सुमारास जर्मनीत होते. हिटलरच्या राज्याशी हातमिळवणी करणाऱ्या माणसाविषयी फिशर यांना मुळीच आदर नव्हता आणि तसे ते बोलून गेले. सुभाषबाबूंचा मार्ग चुकत असेल, परंतु त्यांची देशभक्ती पहिल्या प्रतीची आहे, हे आपले मत गांधीजींनी सोडले नाही. वाद तेथेच थांबला. दोघांपैकी कोणी दुसऱ्यावर रागावला नाही, आणि फिशर यांनी आपल्या वहीत स्वतःला न पटलेले मतही तितक्याच इमानाने उतरून घेतले.

वादाप्रमाणे विनोदालाही वाव होता. आश्रमातील रोजच्या उकडलेल्या भाजीला फिशर लवकरच कंटाळले. तिला मीठ-लिंबू लावून पाहा, असे गांधीजींनी सुचविले तेव्हा, म्हणजे चव मारून टाकावयाची की काय, अशी शंका पाहुण्याने काढली. मारावयाची नव्हे, वाढवावयाची, असे गांधीजी हसत म्हणाले. आपण इतके अहिंसक आहात की चवीचीसुद्धा हत्या करणार नाही, अशी कोटी मग पाहुण्याने केली.

पुढे मागे वळून पाहताना फिशर यांनी एक निरीक्षण लिहून ठेवले आहे. काही पुढाऱ्यांना प्रश्न विचारला की जणू ग्रामोफोनची तबकडी लावल्याप्रमाणे ठरीव उत्तर सुरू होई. गांधीजी मात्र श्रोत्यासमोरच विचार करीत. विचार कसा घडत जातो, कोठे अडतो, कोठे वळण घेतो, हे ऐकणाऱ्यास दिसे. मोठ्याने विचार करणे धोक्याचे असते. अर्धवट वाक्य उचलून दुसरा त्याचा विपर्यास करू शकतो. गांधीजींनी तो धोका पत्करला होता.

आश्रमात नोंदी ठेवणारा फिशर यांच्याहूनही मोठा अधिकारी होता. महादेवभाई देसाई १९१७ पासून गांधीजींचे चिटणीस होते आणि गांधीजींची अगणित संभाषणे त्यांच्या रोजनिशीत टिपली गेली आहेत. फिशर यांची त्या आठवड्यात त्यांच्याशीही पुष्कळ बोलणी झाली.

आठवडा संपला व फिशर परत निघाले. १ जुलै रोजी गांधीजींनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना एक पत्र लिहिले व ते फिशर यांच्यामार्फत पाठविले. थोरो व इमर्सन यांच्या लेखनापासून आपण पुष्कळ घेतले आहे, असे त्यात त्यांनी नमूद केले होते. आणि मित्रराष्ट्रांच्या फौजांनी स्वतंत्र हिंदुस्थानाशी करार करून येथे राहावे, हा मुद्दाही त्यात होता. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया तलावाच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना अटक होऊन पुण्याच्या आगाखान महालात ठेवण्यात आले. महादेवभाईही त्यांच्याबरोबर होते. १५ ऑगस्ट रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

गांधीजी बंदिवासात असतानाच, ते वर्ष संपण्यापूर्वी, फिशर यांचे त्या सात दिवसांवरील पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ज्या माणसाचा आवाज तुरुंगाच्या भिंतींआड गेला होता, त्याची उत्तरे अमेरिकन वाचक घरबसल्या वाचू लागले; आणि उत्तरांबरोबर ते अवघड प्रश्नही.