सर्पगंधेची परीक्षा

सर्पगंधेचे मूळ चवीला कडू असते. सर्पदंशावर व उन्मादावर ते आपल्या देशात पूर्वापार देत असत. हे मूळ वाढलेला रक्तदाबही उतरवते, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले. परंतु नुसत्या ख्यातीवर भिस्त कशी ठेवावी? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रोग्यांना या मुळाच्या गोळ्या दिल्या आणि औषधापूर्वीचा व औषधानंतरचा रक्तदाब काळजीपूर्वक टिपून ठेवला. बहुतेकांचा रक्तदाब उतरला! १९४९ साली हे निष्कर्ष इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्या मुळातून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढले. पुढे मात्र त्यामुळे काही रोग्यांचे मन खिन्न होते, असेही आढळले. मुलांनो, जी गुणांबरोबर दोषही दाखवते, तीच खरी परीक्षा.