निव्वळ कॅलरी : वजाबाकीतील एक चूक

अन्नातून शरीराला मिळालेल्या ऊर्जेतून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर जी बाकी उरते, तिला आहार-व्यायामाच्या हिशेबात ‘निव्वळ कॅलरी’ म्हणतात. आहारशास्त्रात बोलताना कॅलरी हा शब्द किलोकॅलरी या अर्थाने, म्हणजे एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता या अर्थाने वापरला जातो. वजाबाकी शाळकरी मुलाला यावी इतकी सोपी आहे. फसगत होते ती वजा करायच्या आकड्यात.

शरीर स्वस्थ पडून असतानाही श्वसन, रक्ताभिसरण, तापमान राखणे अशा कामांसाठी ऊर्जा लागते आणि हा खर्च ढोबळमानाने दर किलो वजनामागे ताशी १ कॅलरी असतो. या मापाला ‘मेट’ म्हणतात, आणि एखादी हालचाल किती मेटची आहे यावरून ती विश्रांतीच्या कितीपट ऊर्जा खाते ते कळते. ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चालणे सुमारे ३.५ मेटचे धरले, तर ७० किलो वजनाच्या माणसाचा तासाभराचा खर्च २४५ कॅलरी होतो. मात्र तोच माणूस तो तास खुर्चीत बसून राहिला असता, तरी त्याच्या ७० कॅलरी खर्च झाल्याच असत्या, म्हणून चालण्याची खरी कमाई १७५ कॅलरींचीच ठरते. ट्रेडमिलचा पडदा किंवा मनगटावरचे घड्याळ बहुधा यांतील पहिला, म्हणजे ढोबळ आकडा दाखवते, आणि तोही अंदाजाने. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरच्या सात उपकरणांची जी तपासणी प्रसिद्ध केली, तिच्यात नाडीचे ठोके बहुतेक उपकरणांनी बऱ्यापैकी अचूक मोजल्याचे आढळले, पण ऊर्जाखर्चाच्या बाबतीत त्यांतल्या सर्वांत बऱ्या उपकरणाची चूकही सरासरी २७ टक्के निघाली.

प्रस्तुत लेखकाची चूक याच ठिकाणी घडली, आणि ती दुहेरी होती. मोबाइलवरील अॅपमध्ये वय, उंची, वजन यांच्यासोबत ‘साधारण सक्रिय’ हा पर्याय निवडल्यावर रोजचा खर्च २१०० आणि वजन उतरवण्यासाठीचे लक्ष्य १८०० कॅलरी असे उत्तर मिळाले. त्या २१०० मध्ये संध्याकाळचे चालणे आधीच धरलेले होते, हे लेखकाच्या लक्षात आले नाही. घड्याळ चालण्याच्या ३२० कॅलरी दाखवी, अॅप तेवढी ‘शिल्लक’ पुन्हा जमा करी, आणि ती कमावलेली आहे या समजुतीने रात्री खाल्ली जाई. त्यात भर फोडणीची. तेलाचा एक मोठा चमचा सुमारे १२० कॅलरींचा असतो, पण भाजीची नोंद करताना वाटी मोजली गेली आणि कढईतले तेल सुटले. अशा रीतीने १८०० च्या जागी २२४० कॅलरी पोटात जात राहिल्या आणि रोज व्यायाम करूनही चार महिन्यांत वजन सुमारे २ किलोंनी वाढले. दोष घड्याळाला देण्यात अर्थ नव्हता, कारण एकच चालणे खर्चाच्या बाजूला दोनदा लिहिले गेले होते.

यातून निघणारा पहिला नियम असा की, रोजच्या खर्चाचा अंदाज घेताना एकतर व्यायामासह सक्रियतेची पातळी धरावी आणि मग व्यायामाच्या कॅलरी पुन्हा जमा करू नयेत, किंवा ‘बैठे काम’ ही पातळी धरून व्यायामाची भर वेगळी घालावी. दोन्ही एकदम करू नये. भर घालायचीच असेल, तर उपकरणाच्या आकड्याचा निम्मा भाग धरणे शहाणपणाचे, असे लेखकाचे मत आहे. आकड्यांवर अंतिम निवाडा करायचा तो वजनकाट्याने, आणि तोही रोजच्या चढउतारावर नव्हे, कारण मीठ आणि पाणी यांमुळे एका दिवसात किलोभराचा फरक सहज पडतो. सकाळच्या वजनाची आठवड्याची सरासरी काढून तीन-चार आठवड्यांचा कल पाहावा.

उलट दिशेची चूक अधिक घातक आहे. काही जण १२०० कॅलरी खाऊन ५०० व्यायामात घालवतात आणि ७०० ही बाकी कौतुकाने सांगतात. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या इतर कामांसाठी जी ऊर्जा राहते तिला क्रीडावैद्यकात ‘ऊर्जा-उपलब्धता’ म्हणतात, आणि चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे ती दिवसाला ३० कॅलरींच्या खाली दीर्घकाळ राहिल्यास, विशेषतः स्त्रियांमध्ये, पाळी अनियमित होणे आणि हाडे ठिसूळ होणे असे परिणाम संभवतात. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी हा हिशेब डॉक्टरांना विचारल्याखेरीज मांडू नये.

लेखकाच्या घरी घड्याळ आता चालण्याची वेळ मोजण्यापुरते वापरले जाते आणि फोडणीचे तेल चमच्याने मोजून पडते.