डोंगरचे अंग, जतचे ऊन

सह्याद्री पावसाचे ढग अडवतो. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर पूर्वेकडे माण, जतला सुमारे ५००.

एका एप्रिलमध्ये पाटणच्या डोंगरातला तरुण जतला विहीर खोदायला गेला. दुसऱ्याच दुपारी तो बरळू लागला. सोबत्यांनी अंगावर पाणी ओतत त्याला माझ्याकडे आणले, म्हणून वाचला. उष्माघात! सोबती म्हणाले, "आम्ही रोजच राबतो की!" त्यांचे अंग उन्हाला सरावले होते, त्याला आठ-पंधरा दिवस लागले असते.

तेव्हा वाचकहो, नवख्याने पहिला आठवडा दुपारचे कष्ट टाळावेत, तहान नसली तरी पाणी प्यावे. कोणी बरळल्यास सावलीत न्यावे, अंग भिजवून वारा घालावा, तातडीने दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.