दोन हजारांची सूट

दिग्रसला माझं पाइप, स्प्रिंकलर आणि मोटारपंपांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक कास्तकार. पेरणीच्या तोंडावर माल नेतात, कापसाचे चुकारे आले की पैसे देतात. ही सगळी उधारी वीस वर्षं लाल वह्यांत होती. 2019च्या मार्चअखेरीस ती कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. "31च्या आत घे, टॅक्स वाचते," एवढं कुणीतरी म्हणालं आणि मी यवतमाळची बस धरली.

कॉम्प्युटर, बिलाचा प्रिंटर, बारकोडची मशीन आणि सॉफ्टवेअर मिळून सूट धरून 60,000 झाले. वर 18 टक्के जीएसटी, 10,800. सूट कसली, तर विकणारा म्हणाला, "भाऊ, नगदी देत असाल तर दोन हजार कमी करतो." मी नोटा मोजून दिल्या. बिल माझ्या नावाने फाडलं. दुकानाचा जीएसटी नंबर त्यावर घालायला मीच सांगितलं नाही.

जुलैत रिटर्न भरायला गेलो. सीएंनी ते बिल उलटसुलट पाहिलं आणि मग एकेक गोष्ट सांगितली. बिलावर माझा जीएसटी नंबर नाही, म्हणून 10,800चं क्रेडिट, म्हणजे मला भरायच्या जीएसटीतून वजावट, नाही. एका दिवसात 10,000च्या वर नगदी दिलेली रक्कम यंत्राच्या किमतीत धरली जात नाही, म्हणून घसाराही नाही. कॉम्प्युटरला वर्षाला 40 टक्के घसारा मिळतो, पण 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच. म्हणजे मार्चची घाई तशीही अर्धी फुकट होती. शेवटी ते म्हणाले, "आणि तुम्ही तर विक्रीच्या 8 टक्के नफा दाखवून रिटर्न भरता. त्यात घसारा आलाच, वेगळा मिळत नाही." मी दोन हजार वाचवले आणि 10,800 घालवले होते.

बिल दुरुस्त करून घ्यायला विकणाऱ्याकडे तीन खेपा घातल्या. त्याच्या पुढच्या रिटर्नमध्ये ते होण्यासारखं होतं. आज करतो, उद्या करतो म्हणता म्हणता मुदत गेली. त्या पैशांत माझ्या दुकानातल्या पोराचा महिन्याचा पगार निघाला असता, ही गोष्ट मला अजून बोचते.

म्हणून दुकानासाठी यंत्र घेण्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुम्ही कोणत्या पद्धतीने कर भरता? कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठोक दराने जीएसटी भरण्याच्या योजनेत असाल तर खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट नाहीच. तुमच्यासाठी 60,000ची वस्तू 70,800चीच आहे, हिशेब तसाच मांडा. नेहमीच्या जीएसटीत असाल तर बिलावर नंबर घाला, पैसे बँकेतून द्या आणि पुढच्या महिन्यात ते बिल जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या 2बी यादीत दिसतं का ते पाहा. विकणाऱ्याने रिटर्न भरलं नसेल तर ते तिथे दिसणार नाही. तेव्हाच फोन करा, वर्षाने नको. पूर्ण हिशेब ठेवून घसारा घेणाऱ्यांनी सप्टेंबरअखेरपर्यंत यंत्र दुकानात चालू करावं. मात्र ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं त्याच रकमेवर घसारा लावू नका.

माझ्यासारख्या ठोक टक्केवारीवाल्यांचा खरा फायदा दुसरीकडेच आहे. जी विक्री बँकेतून किंवा यूपीआयने जमा होते, तिच्यावर किमान नफा 8ऐवजी 6 टक्के धरता येतो. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा लागतो, हे विसरू नका. गल्ल्यावर क्यूआर लावल्यावर एका वर्षी माझी 30 लाखांची विक्री बँकेतून आली. करपात्र उत्पन्न 60,000नी कमी झालं. कर तेवढा वाचला नाही, उत्पन्न तेवढं कमी धरलं गेलं. आमच्या धंद्याला यात एक सोय आहे: मार्चपर्यंतच्या उधारीचे पैसे रिटर्नच्या मुदतीआधी बँकेत आले तरी चालतात. कापसाचे चुकारे लांबले तरी कास्तकाराला मी आता एवढंच म्हणतो, "काका, खात्यावरच टाका."

यातलं काहीही खरेदीच्या दिवशी हातात येत नाही. यंत्राचे पैसे आधी स्वतःचेच लागतात, नाहीतर मुद्रा योजनेच्या शिशु गटातून 50,000पर्यंत कर्ज घ्यावं लागतं.

गेल्या मार्चमध्ये शेजारचा चपलांचा दुकानदार घाईघाईने आला, कॉम्प्युटर घ्यायला यवतमाळला चल म्हणाला. तो कंपोझिशनमध्ये आहे. त्याला खाली बसवलं, चहा मागवला आणि माझं ते 2019चं बिल काढून त्याच्यापुढे ठेवलं. तो गेला नाही. मे महिन्यात त्याने मोबाइलवरच बिलाचं ॲप घेतलं आणि एक छोटा प्रिंटर आणला. पैसे बँकेतून दिले.