हळू आवाजात नीट ऐकू येणारा इयरफोन निवडताना

चांगल्या इयरफोनची माझी व्याख्या सरळ आहे: फोनचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवूनही ज्यात सगळे स्पष्ट ऐकू येते, तो चांगला. शब्द कळावेत म्हणून ज्याचा आवाज सारखा वाढवावा लागतो, तो कितीही महाग असला तरी घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकलेला चालतो; ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून खालची प्रत्येक पायरी याच एका कसोटीला धरून आहे.

आधी कुठे ऐकणार ते ठरवा. रोज लोकलने किंवा एसटीने जाणे असेल, तर बाहेरचा गोंगाट रोखणारा, कानाच्या आत बसणारा प्रकार हवा. नाहीतर गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी तुम्ही आवाज वाढवतच राहाल. परवडत असेल तर नॉइज कॅन्सलेशन असलेला घ्या. त्यातला माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलट लहरी कानात सोडतो. इंजिनाची घरघर, एसीची गुणगुण असे एकसुरी, खालच्या पट्टीतले आवाज त्याने बरेच कमी होतात. फेरीवाल्याची हाक किंवा बाळाचे रडणे मात्र पुष्कळसे तसेच येत राहते. घरी, शांत खोलीत तासन् तास ऐकणाऱ्यांना कान पूर्ण झाकणारा हेडफोन जास्त सोयीचा. रस्त्याने पायी फिरताना ऐकायची सवय असेल तर कानाची वाट मोकळी ठेवणारा प्रकार घ्या, आणि दुचाकीवर काहीच नको. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर आत खुपसायचे इयरफोन डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

मग स्वतःचा फोन पाहा. ३.५ मिलीमीटरचा गोल जॅक आहे का? अॅपलने तो २०१६ मध्ये आयफोन ७ पासून काढला आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनी तोच रस्ता धरला. जॅक नसेल आणि वायरचा इयरफोन हवा असेल तर टाइप-सीचा घ्या किंवा जोडणी (अॅडॉप्टर) वापरा. पण जोडणीच्या आत डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचा आवाज करणारी चिप आहे ना, हे विचारून घ्या. ती नसलेल्या स्वस्त जोडण्या अनेक फोनवर मुक्या राहतात. आयफोन १४ पर्यंत पिन वेगळी आहे, १५ पासून टाइप-सी.

बिनतारी घेणार असाल तर कोडेक जुळायला हवा. कोडेक म्हणजे आवाज दाबून ब्लूटूथवरून पाठवायची पद्धत. आयफोनला एसबीसी आणि एएसी चालतात. एलडॅक किंवा अॅप्टएक्स चालत नाहीत. तेव्हा आयफोनवाल्याने त्या नावांसाठी जादा पैसे मोजू नयेत. अँड्रॉइडमध्ये एलडॅकची सोय आवृत्ती ८ पासून आहे, तरी खरेदीआधी आपल्या फोनच्या माहितीत ते नाव शोधा. गेम खेळणाऱ्यांनी किंवा फोनवरच्या की-बोर्डवर सूर वाजवणाऱ्यांनी वायरच घ्यावी, कारण ब्लूटूथवर आवाज क्षणभर मागून येतो.

आता कानात घालून पाहा. या पायरीवर लोक सर्वांत कमी वेळ देतात आणि बहुतेक खरेदी इथेच फसते. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टिप असतात; तिन्ही लावून पाहा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असे नाही, एकात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी लागली तर तशीच लावा. टिप नीट बसली की दुकानातला गलका एकदम दूर जातो आणि ठेका भरीव होतो. फट राहिली तर खर्ज गळून जातो, आवाज पत्र्यासारखा लागतो, आणि आपण इयरफोनला दोष देत आवाज वाढवतो. जबडा हलवा, मान झटका, वाका. दहा मिनिटे तसेच राहू द्या. ठणका लागला तर तो इयरफोन तुमच्यासाठी नाही, दुसरा मागा.

नंतर ऐका, पण दुकानदार लावून देईल ते धडधडते गाणे नको. वर्षानुवर्षे ऐकलेली, पाठ झालेली ध्वनिमुद्रणे फोनमध्ये उतरवून न्या. शास्त्रीय गायनाची मैफल यासाठी फार उपयोगी आहे. डग्ग्याची घुमक ऐका: तिचा चढउतार कळतो, की नुसता एकसारखा धप् धप्? उजव्या तबल्याची चाट टणक आणि सुटी यावी. मागे तानपुऱ्याची जवारी झंकारत राहिली पाहिजे; गाणे भरात आल्यावर ती नाहीशी होत असेल तर बारकावे दाखवण्यात हा इयरफोन कमी पडतो. आणि गळा या सगळ्याच्या पुढे, मधोमध हवा. शेवटी एखादे भाषण किंवा कथाकथन लावा. ‘स’, ‘श’, ‘च’ टोचत असतील तर तासाभरात कान थकेल. दोन इयरफोन ताडून पाहताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो.

फोनवर बोलण्याची परीक्षा वेगळी घ्या. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की बहुधा आवाजाचा दर्जा उतरतो, त्यामुळे गाणी सुरेख वाजली म्हणून बोलणे सुरेख होईलच असे नाही. दुकानाबाहेर रहदारीत उभे राहून घरी फोन लावा आणि पलीकडच्याला काय ऐकू येते ते विचारा.

खोक्यावरच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाच्या, मिलीमीटरवरून दर्जा ठरत नाही, २० ते २०,००० हर्ट्झ तर जवळजवळ सगळेच छापतात. पाहायचे ते हे: आयपीएक्स४ म्हणजे घामाचे, पावसाचे शिंतोडे चालतील, बुडवणे नाही. बॅटरीचे तास डबीसकट मोजलेले आहेत की एकट्या इयरबडचे? बिनतारी वस्तूवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, आर-क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अॅपवर तपासा. एक बड हरवला तर सुटा मिळतो का आणि माल परत घेण्याचे नियम काय, हे पैसे देण्याआधी विचारा.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा घालून टाका. आयफोनमध्ये ती ‘हेडफोन सेफ्टी’त मिळते, अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आणखी कमी आहे, आठवड्याच्या ४० तासांना ७५ डेसिबल.

आणि बजेट हजार रुपयांच्या आत असेल, फोनला जॅकही असेल, तर माझा सल्ला वायरचाच घ्या असा आहे. त्या पैशात बॅटरी, चिप आणि डबी यांचा वाटा नसतो, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी दमली म्हणून तो फेकावाही लागत नाही.