बाळंतिणीच्या घरचा नाताळ

शास्त्रपाठ : लूक २:१-२४, लेवीय १२:१-८, मत्तय २:११

नाताळचा सण जवळ आला म्हणजे आमच्या खेडोपाडींच्या मंडळ्यांत लगबग सुरू होते. घरे सारवली जातात, करंज्या तळल्या जातात, भजनी मंडळी रात्री घरोघर फिरते. परंतु ज्या घरी नुकताच पाळणा बांधला आहे, त्या घराने हा सण कसा पाळावा? कोणी म्हणतात, "प्रभूने लेकरू दिले, ते नाताळच्या उपासनेस नेलेच पाहिजे." कोणी वीस माणसांनिशी बाळ पाहावयास जातात. आणि बिचारी ओली बाळंतीण, लोक काय म्हणतील ह्या भयाने, चुलीपुढे बसते. ह्यास्तव आम्ही ह्या पाठात त्या घराविषयी विचार करू.

१. पहिला नाताळ कसा झाला?

पहिला नाताळ म्हणजे एका बाळंतिणीची रात्र होती. उतारशाळेत जागा नाही, बाळ बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणीत निजवलेले, जवळ योसेफ. मेंढपाळ आले, त्यांनी बाळ पाहिले, ऐकलेले वर्तमान सांगितले, आणि देवाचे गौरव करीत ते परत गेले. ते तेथे मुक्काम ठोकून बसले असे शास्त्रात नाही. मरीयेने त्या गोष्टी मनात साठवून त्यांचे मनन केले.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. यरुशलेमचे मंदिर बेथलेहेमाहून सुमारे तीन कोसांवरच होते. तरी मरीया तेथे लागलीच गेली नाही. पुत्र झाल्यास सात दिवस व पुढे तेहेतीस, असे चाळीस दिवस नियमशास्त्राने सांगितले होते. ते भरल्यावरच तिने बाळास मंदिरात नेले, आणि ज्याला कोकरू परवडत नाही अशा गरिबाचे अर्पण, म्हणजे पाखरांची जोडी, वाहण्यास ती सिद्ध झाली. प्रभूची माता चाळीस दिवस मंदिरात गेली नाही, म्हणून तिच्या भक्तीत उणे पडले काय?

२. विटाळ नव्हे, विसावा

येथे कोणी म्हणेल, "तर मग आमचा सव्वा महिन्याचा विटाळच खरा." तसे नव्हे. ते नियम ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाहीत. बाळंतीण अशुद्ध म्हणून तिला वेगळे ठेवावे, तिच्या हातचे पाणी घेऊ नये, मुलगी झाली म्हणून तोंडे उतरवावी, हे आम्हांस शोभत नाही. तिने घरी राहावे ते तिचे अंग अजून भरून आले नाही म्हणून आणि बाळ नाजूक आहे म्हणून. मुलगा असो की मुलगी, विसावा सारखाच आणि आनंदही सारखाच.

३. तारखेचे ओझे नको

प्रभूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत दिलेली नाही. रोम शहरी २५ डिसेंबरास हा जन्मदिन मानल्याचा उल्लेख इ. स. ३३६ चा आहे. जालन्याच्या भागात रेव्ह. नारायण शेषाद्री (मृत्यू १८९१) ह्यांनी जे कार्य केले व बेथेल गाव वसवले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने. त्या स्कॉटलंड देशात नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ साली सुरू झाली. तोवर कित्येक भक्तिमान घरांतून तो दिवस इतर दिवसांसारखाच जात असे. सण उत्तम आहे, परंतु एक वर्ष तो उंबरठ्याच्या आत पाळला तर विश्वास बुडत नाही.

४. पाळण्याचे सण सर्वांस कळतात

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. सन १६०८ च्या रामनवमीस त्यांचा जन्म झाला. रामनवमीस मध्यान्ही पाळणा हलवून जन्मोत्सव करण्याची रीत त्या भागास ठाऊक आहे. समजा, अशा गावी एकच ख्रिस्ती घर आहे, मंडळी दूर आहे, आणि घरी दहा दिवसांचे बाळ आहे. त्या घराने थंडीत पहाटे बैलगाडीने किंवा मोटारीने निघावे काय? आम्ही म्हणतो, नको. जन्माच्या सणास पाळणा लागतो हे शेजाऱ्यांस सांगावे लागत नाही, आणि ह्या घरी तर तो खराच हलत आहे. दारात एक कंदील लावला आणि शेजाऱ्यांस फराळाची ताटली पोचवली, तरी सणाचा अर्थ त्यांस कळेल.

५. बाळाचा जीव

डिसेंबरची थंडी नवजात बाळास बाधते, कारण अंगची ऊब राखण्याची शक्ती त्यास थोडी असते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना बाळाची काळजी घ्यावयास शिकवले. तेव्हा तेथील नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. हा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. २०११ पासून सरकारने असेच काम देशभर आशाताईंकडे सोपवले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळास पाहावयास त्या ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांतला एखादा दिवस नाताळात आला तर पाहुण्यांच्या गर्दीत त्यांस परत पाठवू नये.

घरच्यांनी हे पाळावे : बाळास आईच्या उराशी उबेत ठेवावे. सहा महिने आईचे दूधच द्यावे. मध, गुटी, पाणी काही नको. नाळ कोरडी ठेवावी, तिला काही लावू नये. बंद खोलीत शेगडी व धुरी करू नये. हात धुतल्यावाचून कोणी बाळास घेऊ नये, सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनच आशीर्वाद द्यावा, आणि मुके कोणीच घेऊ नयेत. बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास मिनिटास ६० किंवा अधिक झाला, छाती आत ओढू लागली, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सणाचा दिवस म्हणून थांबू नये. तत्काळ १०८ क्रमांकास कळवून दवाखान्यात न्यावे.

६. मंडळीने काय करावे?

उपदेशकाने अशा घरची गैरहजेरी मोजू नये. आपणच दोघा-तिघांनिशी दिवसाउजेडी जावे. एक शास्त्रभाग वाचावा, थोडी प्रार्थना करावी, आणि घटकाभरात उठावे. भजनी मंडळींनी डफ-झांजा वेशीजवळच थांबवून दारात हळू एक गीत म्हणावे. बहिणींनी पाण्याच्या दोन घागरी भराव्या, बाळंती धुवावी, अळिवाची खीर किंवा डिंकाचे लाडू न्यावे. मागी लोक बाळ होते त्या घरात आले, तेव्हा त्यांनी आईपुढे हात पसरले नाहीत. स्वतःच्या थैल्या उघडल्या. आणि नवऱ्याने त्या दिवशी चूल सांभाळली तर त्यात कमीपणा नाही. योसेफानेही आईचे व बाळाचे रक्षण आपल्याच शिरावर घेतले होते.

प्रश्न

१. मरीया मंदिरात केव्हा गेली? तिचे अर्पण कोणते?
२. विटाळ आणि विसावा ह्यांत भेद काय?
३. आपल्या गावी ह्या नाताळात कोणत्या घरी नवे बाळ आहे? तेथे कोण जाईल, काय नेईल, आणि केव्हा उठेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर न लिहिता, ते २५ तारखेपूर्वी करून दाखवावे.